म्युझिक अ‍ॅप वर्षभर वापरल्यानंतर: आवाज उत्तम, पण तबल्यावर कोण?

वार्षिक सबस्क्रिप्शन संपत आल्याचा मेसेज आला, म्हणून लिहायला बसलो. प्लॅन आणि किमती सगळ्यांना ठाऊक आहेत. मी मुख्यतः ख्याल, म्हणजे शास्त्रीय गायन ऐकतो, त्याच अंगाने सांगतो.

आधी लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला, सीडीच्या दर्जाचा आवाज. सुरुवातीला ब्लूटूथ इअरफोनवर 320 केबीपीएसचा दाबलेला आवाज आणि लॉसलेस यांत मला काडीचाही फरक जाणवला नाही. उगाच पैसे घेतात, असं ठाम मत झालं होतं. ते बदललं वायरचे हेडफोन लावल्यावर. साधं ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबूनच पाठवतं, मग सीडीच्या दर्जाचं त्यात उरणार काय? वायरवर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झंकार, मोकळी झाली, विलंबितात, म्हणजे संथ लयीत, तबल्याच्या डग्ग्याची घुमक विरत जाते तीही ऐकू येते. डेटा मात्र भरपूर जातो. 20 मिनिटांच्या बड्या ख्यालाला साधारण 100 एमबी, 320 वर तोच 50 च्या आत. घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा.

नवीन शोधून देण्यात अ‍ॅपने मला खरा आनंद दिला. किशोरीताई आमोणकरांचं गाणं संपलं आणि पुढे आपोआप जुन्या पिढीच्या केसरबाई केरकर लागल्या. 78 आरपीएमची तबकडी, जेमतेम तीन मिनिटं, आणि तेवढ्यात अख्खा राग उभा! घराणं एकच, जयपूर-अत्रौली. ही तबकडी शोधायला मी चोरबाजारात कधी गेलो असतो?

पण साथीदार कुठे आहेत? कॅसेटच्या कव्हरवर तबला, हार्मोनियम, सारंगी, सगळ्यांची नावं असायची. इथे क्रेडिट्स उघडलं की गायकाचं नाव, लेबलचं नाव, संगीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’, बस्स. ज्या माणसाने 20 मिनिटं विलंबित एकतालाचा ठेका जराही न हलवता धरला, त्याचं नावसुद्धा नाही. त्याच्या ठेक्यावरच रागाची ती बढत, तो सावकाश विस्तार, उभी आहे! कस्टमर केअरला तीनदा लिहिलं. माहिती लेबलकडून येते, हेच उत्तर. मग लेबलकडून मागून घ्या ना. पैसे तर आमच्याकडून तुम्ही घेता.

राग आणि तालाचा स्वतंत्र रकानाही नाही. मारवा राग शोधला की ध्यानधारणेच्या बासरीच्या प्लेलिस्ट येतात.

वार्षिक प्लॅन पुन्हा घेतलेला नाही. आता महिन्याचाच भरतोय, जास्त पडतो तरी. साथीदारांची नावं देणारं दुसरं अ‍ॅप कुणी वापरत असेल तर कळवा, त्याच महिन्यात हे बंद करेन.