गँटप्रोजेक्ट: वेळापत्रक मोडून बघायला उत्तम, माणसांच्या वाटपात लंगडं

क्रिटिकल पाथची (प्रोजेक्टची एकूण मुदत ठरवणारी, कामांची सर्वांत लांब साखळी) व्याख्या पाठ असते, पण एक काम लांबलं की नेमकं काय काय सरकतं ते विचारलं की गडबड होते. हा सराव करायला गँटप्रोजेक्ट हे वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर चांगलं आहे. फुकट आणि ओपन सोर्स. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

सुरुवातीला पाचच कामं घ्या. अ ४ दिवस. ते संपल्यावर ब (६ दिवस) आणि क (३ दिवस) एकाच वेळी सुरू. दोन्ही झाली की ड ५ दिवस, मग इ २ दिवस. आधी कागदावर मांडा: अ-ब-ड-इ मिळून १७ दिवस, क ला ३ दिवसांची सवड (म्हणजे शेवटची तारीख न हलता ते इतकं लांबू शकतं). मग हेच भरून क्रिटिकल पाथ दाखवायला सांगा. जुळलं? आता क ८ दिवसांचं करा. काम ५ दिवसांनी वाढलं, प्रोजेक्ट मात्र दोनच दिवसांनी लांबून १९ वर गेला. क्रिटिकल पाथ आता क मधून जातो आणि सवड ब कडे आली, २ दिवसांची. (हे कामाचे दिवस. सुट्ट्या कॅलेंडरमध्ये आधी नीट लावा, नाहीतर शेवटची तारीख जुळणार नाही.)

नवशिके इथे हमखास एक घोळ घालतात: कामं जोडायची सोडून प्रत्येकाच्या तारखा हाताने टाकतात. चार्ट सुबक दिसतो, पण अ लांबवलं तरी बाकीच्या कामांच्या पट्ट्या ढिम्म हलत नाहीत. ते वेळापत्रक नव्हे, नुसतं चित्र. पट्टी हलत नसेल तर आधी डिपेंडन्सी (कामांमधली जोडणी) तपासा.

आता क पुन्हा ३ दिवसांचं करा आणि ब, क दोन्ही एकाच माणसाला १०० टक्के द्या. रिसोर्स चार्टवर (कोणावर किती काम ते दाखवणारा) जादा भार लाल दिसतो. पण सॉफ्टवेअर तिथेच थांबतं; मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारखं आपोआप लेव्हलिंग (जादा भार उतरेल अशी कामं पुढे सरकवणं) यात नाही. क ला ब च्या मागे तुम्हीच जोडायचं, की मुदत २० दिवस. रोजच्या कामात ही मोठी उणीव आहे. शिकणाऱ्याच्या मात्र पथ्यावर पडते, कारण तीन दिवस कुठून आले ते लपत नाही.

बेसलाइन, म्हणजे मूळ वेळापत्रकाची तुलनेसाठी ठेवलेली प्रत, काम सुरू होण्याआधीच सेव्ह करा. तारखा बदलल्यावर घेतलेल्या बेसलाइनशी तुलना केली तर उशीर दिसणारच नाही. प्रगतीच्या टक्क्यांवर फार विसंबू नका: लोक ९० टक्के झालं म्हणतात आणि उरलेल्या दहाला आठवडा लावतात. सरावापुरतं सुरू झालं की ५०, संपलं की १००, मधलं काही नाही.

खर्चाचा भाग जुजबी आहे. बजेट शिकायचं असेल तर स्प्रेडशीट बरी.