गिम्प ३.०, आठ महिन्यांनंतर: सगळं जमलं, काळा सोडून

गिम्प म्हणजे फोटो आणि चित्रांवर काम करायचं फुकट सॉफ्टवेअर. ३.०च्या फीचरांची यादी सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थेट दुखण्यावर येतो: छपाईतला काळा रंग.

गिम्प आतून आजही आरजीबीच आहे, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करणारं. अक्षरांना ०, ०, ० दिलं की पडद्यावर काळीकुळकुळीत दिसतात, पण सीएमवायके करताना, म्हणजे छपाईच्या निळसर (सी), गुलाबी (एम), पिवळ्या (वाय) आणि काळ्या (के) शाईत बदलताना, त्या काळ्याचे चार रंग होतात. स्वॉप प्रोफाइलने (हे रंग बदलायचं एक ठरलेलं कोष्टक) साधारण सी ७५, एम ६८, वाय ६७, के ९०. शाईची बेरीज ३०० टक्के! हवं असतं नुसतं के १००. ऑफसेटवर, म्हणजे प्लेटने होणाऱ्या छपाईत, रजिस्टर (चार प्लेटांची जुळणी) केसभर हललं तरी ८ पॉइंटच्या मजकुरात अनुस्वाराला लाल-निळी किनार येते आणि ‘ष’च्या पोटातली रेघ बुजते. प्रेसवाला म्हणतो, फाइलच चुकलीय. त्याचं बरोबर असतं.

‘३.०मध्ये सीएमवायके आलं’ म्हणून हुरळून जाऊ नका. आलंय ते एक्स्पोर्टपुरतं. इमेज मेनूत कलर मॅनेजमेंटखाली सॉफ्ट-प्रूफ प्रोफाइल (छापल्यावर रंग कसे दिसतील ते पडद्यावर दाखवणारं) निवडायचं आणि टिफ फाइल काढताना सीएमवायकेवर टिक करायची. पुढचं सगळं प्रोफाइल ठरवतं. ‘एवढी अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर ठेव’ हे सांगायची सोयच नाही. तीच टिफ परत गिम्पमध्ये उघडली तर पुन्हा आरजीबी.

दोन महिन्यांनी गिम्प काढून टाकावं असंच मत झालं होतं. पण देवनागरी इथे पहिल्या फटक्यात नीट जुळते, ‘ष्ट्र’ आणि ‘र्‍या’सुद्धा, कुठलीही सेटिंग न शोधता. शिवाय सावलीसारखे फिल्टर आता लेयरवर जिवंत राहतात, म्हणजे नंतरही बदलता येतात. नाव चुकलं, तारीख बदलली, तरी सावली पुन्हा करायला नको. २.१०मध्ये याच कामात तास जायचा. फ्लेक्सला तर काळ्याची ही भानगड जवळपास जाणवतच नाही. तिथे आरजीबी फाइल बिनधास्त द्या.

ऑफसेटसाठी मात्र गिम्पमध्ये एकही अक्षर टाइप करू नका. फोटो, पोत, बॅकग्राउंड एवढंच तिथे करा: ३०० पीपीआय (इंचाला पिक्सेल), चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी जास्तीची कड), टिफ. ती स्क्रायबस १.६ या पान मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवा, मजकूर तिथेच टाका आणि रंगांच्या यादीतला साधा ‘ब्लॅक’ द्या. त्याच यादीत ‘रिच ब्लॅक’ही असतो, चारही शाया मिसळलेला; घाईत चुकून तोच निवडला जातो. पीडीएफ करताना आउटपुट ‘प्रिंटर’साठी ठेवा, ‘स्क्रीन’साठी ठेवलं तर पुन्हा आरजीबी आणि केलेली मेहनत पाण्यात.

प्रेसला धाडण्याआधी स्क्रायबसच्या आउटपुट प्रीव्ह्यूमध्ये फक्त के बंद करून पाहा. मजकूर साफ नाहीसा झाला पाहिजे. करडी-तपकिरी भुतं मागे उरली तर रंग चुकलाय. हा प्रीव्ह्यू घोस्टस्क्रिप्ट या पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रामशिवाय चालत नाही. तेही फुकटच आहे, पण विंडोजवर वेगळं टाकावं लागतं.