आठवणी वहीत लिहाव्यात की फोनमध्ये बोलाव्यात?

पंचाहत्तरी उलटली की घरचे मागे लागतात, ‘आता सगळं लिहून काढा.’ संसार, मुलंबाळं, महिला मंडळ, रक्तदान शिबिरं, पूर आला की चपात्या गोळा करणं, एवढं सगळं कुणीतरी कागदावर आणावं असं त्यांना वाटतं आणि ते कुणीतरी म्हणजे आपणच असतो. हल्ली माझ्या तीन मैत्रिणींनी मला एकच विचारलं: लिहू, की नातवाला फोनवर रेकॉर्ड करायला सांगू? मी दोन्ही करून बसले आहे. आधी 200 पानी वही भरली, मग दोन वर्षांनी नातीच्या फोनवर साधारण नऊ तास बोलले.

वहीत लगाम आपल्या हातात राहतो, हे खरं. नणंदेबद्दल तिखट लिहिलं गेलं तर दुसऱ्या दिवशी ते खोडता येतं. शेजारी जुनी पत्रं, पासबुक, मंडळाचे अहवाल घेऊन बसता येतं, सालं ताडून पाहता येतात. पण पेन हातात आलं की मी माणूस राहत नाही, मंडळाची चिटणीस होते. किल्लारीबद्दल माझ्या वहीत एवढंच आहे: ‘30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे भूकंप. मंडळातर्फे सहा जणी मदतीस गेलो. मुक्काम 11 दिवस. स्वयंपाक व धान्यवाटप.’ झालं. सभेचं इतिवृत्तसुद्धा याहून रसाळ असतं.

तेच नातीपुढे बोलताना. तिनं भूकंपाचं काही विचारलंच नाही. तिनं विचारलं, ‘आजी, तिथं तू झोपायचीस कुठे?’ मग आठवलं. पत्र्याच्या शेडमध्ये, ज्वारीच्या पोत्यांना टेकून, वर पाऊस. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे जाड दगडी भिंती, माळवदाची माती सगळी अंगावर आली. रांगेत एक बाई रोज यायची. धान्य पुढे केलं की मान हलवायची. तिला तवा हवा होता. ‘पीठ हाय, चूल मांडली, भाजू कशावर?’ आमच्याकडे दोनच तवे. चौथ्या दिवशी एक तिला देऊन टाकला आणि उरलेल्यावर आम्ही दोनशे माणसांच्या भाकऱ्या थापत बसलो. पाठ अजून सांगते. हे सगळं वहीत कुठे गेलं? मला वाटलं असणार, तव्याचं काय लिहायचं.

आणि घरचं तर मी लिहिलंच नव्हतं. तेव्हा मुलगा दहावीला होता. मी परत आल्यावर सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. बोलताना ते आपोआप बाहेर पडलं, कारण नातीनं पुढचा प्रश्न टाकला, ‘मग बाबांना डबा कोण द्यायचं?’

हा फरक माझ्या एकटीचा नसावा. हिंगण्याच्या कर्व्यांचंच घर बघा. अण्णांनी, म्हणजे महर्षी कर्वे यांनी, स्वतःचं ‘आत्मवृत्त’ 1915 साली काढलं. बायांचं, म्हणजे आनंदीबाईंचं, ‘माझे पुराण’ आलं 1944 साली, कावेरी कर्वे यांच्या संपादनातून. एकच संसार, एकच आश्रम. पण नवरा समाजकार्याला वाहून घेतो तेव्हा घरात पैशाची ओढाताण कशी होते, हे कळायला बायांकडे जावं लागतं. दोन्ही वाचल्यावर मी आपली बायांच्या बाजूची झाले, हे कबूल करते.

फोनचे त्रासही आहेत. एकटीनं बोलू नका. मी एकदा करून पाहिलं. ‘नमस्कार, आज आपण...’ अशी आकाशवाणीच सुरू झाली. समोर ऐकणारं माणूस हवं, आणि ते शक्यतो सगळं माहीत असलेलं नको. मुलगा समोर बसला की ‘हे तू मागे सांगितलंस’ म्हणतो आणि गाडी तिथंच थांबते. नातवंडं बरी. पंखा बंद करा, नाहीतर नुसती घरघर ऐकू येते. एका वेळी अर्धा तास पुरे. त्यानंतर घसा बसतो आणि आपण मुद्दा सोडून शेजाऱ्यांवर घसरतो. फाइलला त्याच दिवशी नाव द्या आणि ती दोन ठिकाणी ठेवा. आमची तिसरी फाइल फोन बदलताना गेली ती गेलीच. शिवाय तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला नातीला अख्खा रविवार लागला. नऊ तासांतले दोनच उतरलेत.

उलट, धाकट्या नातवाला माझी वही वाचताच येत नाही. इंग्रजी शाळेतला तो, त्यात माझं अक्षर मोडीच्या वळणाचं. आवाज मात्र तो कानाला लावून ऐकतो. तुमचं काम संस्थेचं असेल, देणग्या, जमीन, ठराव, कोण कधी अध्यक्ष झालं, तर लिहाच. तिथं बोलण्याचा भरवसा नाही. हात कापत असेल किंवा लिहिताना तुमचाही चिटणीस होत असेल तर बोला. तिसरा पर्याय म्हणजे मंडळाची गौरव स्मरणिका, तिच्या नादाला लागू नका. तिच्यात आपण सगळ्याच ‘सेवेचा धगधगता वसा’ होतो.

वेळ असेल तर आधी बोला, मग ते ऐकून लिहा. मी उलटं केलं. त्याचा परिणाम किल्लारीच्याच फाइलमध्ये आहे. मी ‘अकरा दिवस’ म्हणते, मागे कुकरची शिट्टी होते आणि स्वयंपाकघरातून ह्यांचा आवाज येतो, ‘तेरा. तेरा दिवस खिचडी केली मी.’ वहीत अजून अकराच आहेत.