लिफ्ट केलेल्या जिम्नीला जाड स्टीअरिंग डँपर: घ्यावा का, आणि कधी

मारुती सुझुकीच्या जिम्नीला दोन इंचांची लिफ्ट (गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग) बसते, 235/75 आर15 टायर चढतात आणि सत्तर-ऐंशीच्या वेगात पुलाच्या जॉइंटवरून गेलं की स्टीअरिंग हातात थडथड उडायला लागतं. दुकानात यावर एकच औषध मिळतं, मूळ डँपरच्या दीडपट जाडीचा नवा डँपर. तो वाईट नाही. पण थरथर घालवायला म्हणून घेणार असाल तर तूर्त घेऊ नका.

स्टीअरिंग डँपर म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याला लावलेला आडवा शॉकअब्सॉर्बर. तो वेगाला विरोध करतो. चाक झटकन फिरलं तर अडवतो, सावकाश फिरलं तर जाऊ देतो. सांध्यातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, तो भरून काढत नाही, नुसता झाकतो. सैल सांधा मग आतल्या आत घासत राहतो आणि पाच-सहा महिन्यांत थरथर परत येते, तीही आधीपेक्षा जोरात.

खरा दोष बहुतेक वेळा कॅस्टरचा, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागे झुकलेल्या कोनाचा. पुढचा एक्सल रिजिड, अखंड आहे. स्प्रिंग उंच झाली की एक्सलला चॅसिसशी जोडणारे रेडियस आर्म खाली झुकतात, एक्सल स्वतःभोवती किंचित फिरतो आणि कॅस्टर कमी होतो. सरळ धावण्याची चाकांची ओढच जाते. त्यावर कॅस्टर करेक्शनचे ऑफसेट बुश (भोक मध्यापासून सरकवलेले रबरी बुश) लागतात. ते आर्मच्या एक्सलकडच्या टोकाला हायड्रॉलिक प्रेसवर बसतात. हातोडीने ठोकून बसवणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका, बुशची दिशा तिरकी बसते.

दुसरा संशयित पॅनहार्ड रॉड, एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा. बोल्ट काढून भोकात टॉर्च मारा. भोक गोल नसून अंड्यासारखं लांबट झालेलं, कडेला धातू आरशासारखा चकाकतोय आणि बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी जमलेली दिसली, तर चोर सापडला. नुसता बोल्ट आवळून हे सुटत नाही. ब्रॅकेटला योग्य भोकाचा जाड वायसर वेल्ड करून घ्यावा लागतो. लिफ्टनंतर एक्सल थोडा एका बाजूला सरकतो. तो मधोमध आणायला अॅडजस्टेबल रॉड घेतलात तर ड्रॅग लिंकशी (स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याशी) त्याचा कोन समांतर राहतोय का ते बघा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला गाडी स्वतःच वळेल.

तपासणी सोपी आहे. गाडी चाकांवर उभी, इंजिन चालू, हँडब्रेक लावलेला. एकाने स्टीअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे झटकत राहायचं, दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोटं ठेवायची. प्ले डोळ्यांच्या आधी बोटांना कळतो. मग पुढची चाकं जॅकवर घेऊन, खाली घोडे (जॅक स्टँड) लावून, चाक वर-खाली हलवा. हललं तर किंगपिन (चाक वळतं तो खिळा) बेअरिंग किंवा व्हील बेअरिंग. बॅलन्सिंग, टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) आणि हवा हे सगळं याच्याही आधी. टायरवाल्याने 35 पीएसआय भरलेली असते. ती दाराच्या स्टिकरवरच्या आकड्यावर आणली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

हे सगळं झाल्यावर मूळ डँपर काढून रिकाम्या रस्त्यावर हळूहळू वेग वाढवत पन्नासपर्यंत चालवून बघा. गाडी सरळ जात असेल तर आता नव्या डँपरचा विचार करा. कमी ऑफसेटच्या रिममुळे चाक बाहेर आलं असेल, तर दगडाचा धक्का टाय रॉडवर (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) जास्त जोराने येतो. तिथे जाड डँपर पैसे वसूल करतो, स्टीअरिंग अंगठ्यावर आपटत नाही. फक्त 215/75 टायर आणि मधूनमधून कच्चा रस्ता असेल तर मूळचा पुरतो.

प्रकार निवडताना साधा ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला), तेलाचा घ्या. गॅस भरलेल्या मोनोट्यूबमधला (एका नळीच्या डँपरमधला) दाब रॉडला सतत बाहेर ढकलतो: 14 मिमीचा रॉड आणि 7 बार दाब धरला तरी जवळजवळ 11 किलोचा जोर एकाच बाजूला. थ्रू-शाफ्ट (रॉड दोन्ही टोकांतून आरपार जाणाऱ्या) डँपरला, म्हणजे फॉक्स कंपनीच्या एटीएससारख्यांना, ही खोड नाही, पण ते मोठ्या गाड्यांचं आणि मोठ्या खिशाचं काम. टफ डॉगसारख्या कंपन्यांचे स्प्रिंगवाले ‘रिटर्न टू सेंटर’ डँपर कॅस्टरची उणीव लपवतात, म्हणून नकोत. दोन-दोन डँपर तर नकोच. कॅस्टर कमी आणि डँपर कडक असला तर ताम्हिणीच्या वळणानंतर स्टीअरिंग आपोआप परत येत नाही, हाताने सोडवावं लागतं.

डँपरच दोषी निघाल्याचं उदाहरणही आहे. 2018-19च्या जीप रँग्लर जेएलना 2019 साली कंपनीनेच नवा डँपर दिला, थंडीत तक्रारी वाढायच्या म्हणून. तुमचा मूळ डँपर हातात धरून दाबा-ओढा: मध्ये कुठे ढिला पडला किंवा तेल गळालं असेल तर बदला, त्याला पर्याय नाही.

बसवण्याआधी नवा डँपर पाच-सहा वेळा पूर्ण आत-बाहेर करा म्हणजे हवा निघते. टोक निमुळत्या घडणीचं असेल तर पुलरने काढा, हातोडीने बूट फाटतो. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, दोन्ही टोकांना निदान 10 मिमी स्ट्रोक (रॉड सरकायला जागा) शिल्लक हवा. लॉकचं काम एक्सलच्या स्टॉपरचं आहे, डँपरचं नाही. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा. 500 किमीनंतर टॉर्क पान्याने पुन्हा बघा. आणि जुना डँपर चांगला असेल तर डिकीत राहू द्या, ट्रेलवर नव्याचा सील गेला की तोच उपयोगी पडतो.