आठ महिने छपरावरचा रिसीव्हर : कुठले विमान कुठल्या मार्गावर, हे गोव्यातल्या मयेतून पाहताना

विमानांचे सिग्नल पकडणारा घरगुती रिसीव्हर मी गेल्या मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या पंधरा दिवस आधी बसवला. आता जानेवारी. मध्ये एक अख्खा पावसाळा आणि चवथ गेली, वस्तू अजून चालू आहे. म्हणून आता सविस्तर लिहितो.

एक यूएसबी डोंगल, 1090 मेगाहर्ट्झचा अँटेना, एक फिल्टर आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, एवढाच पसारा. मला सगळे मिळून बारा हजारांच्या आसपास पडले. उडणारे विमान आपली जागा, उंची, वेग आणि उड्डाणाचा क्रमांक सतत हवेत सांगत असते. याला एडीएस-बी म्हणतात. डोंगल ते ऐकतो, संगणक नकाशावर मांडतो. विमान नेमके कुठल्या मॉडेलचे, हे सिग्नलमध्ये नसते. प्रत्येक विमानाला 24 बिटांचा स्वतःचा पत्ता असतो, तो एका यादीशी जुळवून मॉडेल कळते. ती यादी महिन्यातून एकदा नवी करून घ्या, नाहीतर नवीन विमाने नाव-गाव नसलेली दिसतात.

आमचे घर मयेला, उतारावर. अँटेना पाण्याच्या टाकीला बांधलेल्या जीआय पाइपवर आहे. 11 किलोमीटर उंचीवरचे विमान कागदोपत्री 400 किलोमीटरहूनही लांबून ऐकू यायला हवे. पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, मला साडेतीनशेपर्यंत मिळते. पूर्वेला सह्याद्री आडवा येतो आणि अडीचशेच्या आतच सगळे संपते. सत्तरी किंवा सांगे अशा डोंगराकडच्या तालुक्यांत राहणाऱ्यांनी हे लक्षात घेऊनच पैसे घालावेत.

तक्रारी दोन. फिल्टर आधी घेतला नव्हता. जवळच्या मोबाइल टॉवरमुळे डोंगल जवळपास बहिरा झाला होता. दुसरी मोठी. जूनमध्ये एका रात्री चार वेळा वीज गेली आणि स्वस्तातले मेमरी कार्ड बाद झाले, महिन्याभराची नोंद गेली. ते मला फार लागले. इन्व्हर्टरवर जोडल्यापासून त्रास नाही. केबलच्या जोडावर रबरी टेप घट्ट गुंडाळा, पावसाचे पाणी तिथूनच शिरते.

आता ज्यासाठी हे सगळे केले ते. मला लहानपणापासून एकच प्रश्न होता : अमुक मार्गावर अमुकच विमान का? माझी समजूत अशी की लांबच्या मार्गाला मोठे विमान, जवळच्याला लहान. जुलैत ती मोडली.

दुबई ते बंगळुरू सरळ रेष ओढली तर ती जवळजवळ गोव्यावरूनच जाते. मध्यरात्रीनंतर त्या रेषेवर दुबईच्या एमिरेट्स कंपनीचे ए380 हे एअरबसचे दोन मजली विमान माझ्या पडद्यावर येते. ऑक्टोबर 2022 पासून ते बंगळुरूला जाते. सुमारे 15,000 किलोमीटर उडू शकणारे, पाचशेच्या आसपास माणसे नेणारे विमान, आणि मार्ग फक्त 2,700 किलोमीटरचा. त्याच मार्गावर त्याच कंपनीची बोइंग 777-300ईआरही दिसतात, साडेतीनशेच्या आसपास जागांची. मला हे कळेना.

माझा भाचा मोपाच्या विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे उभ्या विमानाच्या जमिनीवरच्या कामांत आहे. चवथीला घरी आला तेव्हा मी त्याला नोंदवही दाखवली. तो म्हणाला, "मामा, तू पल्ला बघतोस. आम्ही आधी विचारतो, हे विमान रात्रभर काय करणार होतं?"

त्या एका प्रश्नावर आम्ही दोन तास बोललो. रात्री दुबईत उतरलेले विमान सकाळपर्यंत उभे ठेवणे म्हणजे कोट्यवधींची वस्तू रिकामी ठेवणे. तेवढ्या वेळात ते बंगळुरूला जाऊन येऊ शकते. पहाटे निघून सकाळी दुबईत पोचले की त्यातली माणसे लगेच युरोप-अमेरिकेच्या विमानांत चढतात. म्हणजे ही चार तासांची फेरी लंडन किंवा न्यूयॉर्कच्या तिकिटाचाच एक तुकडा आहे. विमान फेरीमागून फेरी जे चक्र पुरे करते त्याला तिथे रोटेशन म्हणतात, आणि एखादा मार्ग कुणाला मिळेल हे पुष्कळदा त्या चक्रात कुठे भोक आहे यावर ठरते. त्यातच भारत आणि दुबई यांच्या करारात दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे 66,000 जागा ठरलेल्या आहेत, आणि फेऱ्यांऐवजी जागाच मोजतात. मग त्या जागा कुठल्या शहराला किती आणि कुठल्या वेळेला द्यायच्या, हाच खरा हिशेब. एमिरेट्स गोव्यात उतरत नाही; आमच्या डोक्यावरून जाते.

मग सगळीकडे ए380 का नाही? याचे उत्तर मला पोटातल्या मालाने दिले. 777-300ईआरच्या खालच्या भागात एलडी3 जातीचे 44 कंटेनर मावतात. दोन मजली ए380 मध्ये 38. वरच्या माणसांचे सामान आधी, त्यामुळे ए380 मध्ये विकायला जागा आणखी कमी उरते. औषधे, मासळी, भाजी यांचा माल जिथे चांगला पैसा देतो, तिथे 777 जिंकते. ए380 जिंकते ते उतरण्या-उडण्याच्या ठरावीक वेळा, म्हणजे स्लॉट, सहज मिळतच नाहीत अशा विमानतळावर. लंडनच्या हीथ्रोचे उदाहरण घ्या. 2016 मध्ये ओमान एअरने तिथल्या एका स्लॉट-जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर दिल्याच्या बातम्या होत्या. एवढा महाग स्लॉट असेल तर त्यात शक्य तेवढी माणसे घालणार.

गोव्याच्या लंडन विमानाकडेही मी आता वेगळ्या नजरेने बघतो. एअर इंडियाने मोपाहून लंडनच्या गॅटविक विमानतळासाठी बोइंगचे रुंद 787 घातले होते. अंतर साधारण साडेसात हजार किलोमीटर. आणि ए321एक्सएलआर या अरुंद विमानाचा पल्ला 8,700 सांगतात. आयबेरियाने नोव्हेंबर 2024 मध्ये ते माद्रिद-बॉस्टनवर आणले. मग ते गोव्याला का नको? भाच्याने कागदावर मांडून दाखवले. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना जोराचा समोरचा वारा. बंद हवाई हद्दी टाळायचा वळसा. राखीव इंधन. जादा घेतलेले इंधन वाहून न्यायलाच इंधन जाते. दर टनामागे तासाला तीन-चार टक्के त्यातच संपतात. पुढे भरलेल्या जागा, लग्नाच्या सामानाच्या बॅगा. कागदावरचा पल्ला असा एकेक कापत जातो.

वळशाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण 2025 चे. एप्रिलमध्ये पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद झाली आणि इंडिगोला अल्माटी व ताश्कंदच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या, कारण वळसा घालून ते अंतर तिच्या तेव्हाच्या विमानांच्या आवाक्याबाहेर गेले. दिल्लीहून अल्माटी नकाशावर सतराशे किलोमीटरच्या आतच आहे! एअर इंडियाच्या अमेरिकेकडच्या काही उड्डाणांना वाटेत व्हिएन्नाला थांबावे लागले. माझ्याकडचे समुद्राचे आकाश मात्र रोजच्यासारखेच राहिले.

दुसऱ्या टोकाला सिंगापूर एअरलाइन्सचे ए350-900यूएलआर आहे. 2018 पासून ते सिंगापूरहून न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला न थांबता जाते, आत फक्त 161 जागा, साधा वर्गच नाही. एवढ्या इंधनावर जास्त माणसे परवडत नाहीत आणि जी आहेत त्यांनी तेवढे मोजले पाहिजेत. हे मला रिसीव्हरवर दिसत नाही, पण बाकी सगळ्या विमानांकडे बघताना मी ते मनात मोजपट्टी म्हणून ठेवतो.

इंजिनांची जोडी हाही एक भाग. दोन इंजिनांच्या विमानाला एक बंद पडल्यास ठराविक मिनिटांत पोचेल असा विमानतळ लागतो. ए350 ला ही मर्यादा 370 मिनिटांपर्यंत मिळाली आहे, म्हणून चार इंजिनांची गरज जवळपास संपली. वैमानिकांचेही तसेच. ए330 शिकलेल्याला ए350 वर थोड्या प्रशिक्षणात जाता येते, 777 वाल्याला 787 वर. माणसे कुठल्या विमानावर उपलब्ध आहेत यावरूनही मार्ग ठरतात.

घ्यावा का? पश्चिम मोकळी असेल, छपरावर चढता येत असेल आणि रोज दहा मिनिटे नोंद बघायची सवय लागणार असेल तर नक्की घ्या. फक्त घरावरून गेलेले विमान कुठले एवढेच हवे असेल तर फोनवरचे अ‍ॅप पुरे. अ‍ॅप मात्र तुम्हाला एकाच मार्गाची आठ महिन्यांची रांग लावून देत नाही, आणि मला ती रांगच शिकवते. येत्या मे महिन्याआधी पाइप एक मीटर उंच करायचा आहे, पूर्वेकडच्या डोंगरावरून थोडे जास्त दिसेल म्हणून.