पिकअप नाही: क्लच की इंजिन?
जुनी छोटी गाडी ओढत नसेल तर आधी आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा बघा. चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर काटा झरकन वर जातो पण वेग तिथेच, म्हणजे क्लच घसरतोय. जळका वासही येतो. केबलचा क्लच असेल तर पेडलचा फ्री प्ले (दाबताना सुरुवातीची सैल हालचाल) तपासा. तो ठीक असेल तर बहुधा क्लच प्लेट गेली.

काटाही वेगासोबत रेंगाळला तर दोष इंजिनकडे. इथे मेकॅनिक थेट इंजेक्टरवर (इंधन फवारणारा भाग) बोट ठेवतात, पण एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग आधी बघावेत, स्वस्तातले आहेत. झटके देत असेल तर प्लग किंवा त्याला वीज देणारी कॉइल. फक्त वरच्या आरपीएमला दम तुटत असेल तर फ्युएल फिल्टर किंवा तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला धूर शुद्ध करणारा भाग).

(एखादं चाक जास्त तापतंय? मग बहुधा त्याचा ब्रेक धरून राहतोय, त्यानेही गाडी ओढत नाही.)