सणांची रंगवायची पानं: आठ महिने वापरून झाल्यावर

गेल्या जुलैत, दीप अमावास्येच्या आधीच्या रविवारी, दादरच्या फुटपाथवर साठ रुपयांना सणांची चित्रं रंगवायचं पुस्तक घेतलं. लेक तेव्हा साडेतीन वर्षांची होती. खलातला बत्ता धरावा तसा खडू मुठीत धरायची आणि रंगवताना हात थेट खांद्यापासून हलायचा. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं होतं, बोटांत जोर कमी आहे, घरी रंगकाम करून घ्या. म्हटलं, श्रावण आलाच आहे, सणांच्या निमित्ताने होईल.

पहिला महिना फुकट गेला, हे आधीच सांगते. नागपंचमीचं पान काढलं तर नागाच्या अंगावर तांदळाएवढे खवले आणि रेषा केसासारख्या बारीक. मोठ्यांचेही डोळे दुखावेत. तिने दोन मिनिटांत अख्ख्या नागावर हिरव्या रेघोट्या ओढल्या आणि उठली. मग मी स्केचपेन दिले. ते नुसते टेकवले तरी रंग उमटतो, बोटांना काही करावंच लागत नाही. पान झकास दिसलं, पण पकड होती तिथेच. मेणखडू दाबावा लागतो, आणि आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

खरा फरक पडला तो एका अपघाताने. गणपतीच्या आधी घर आवरताना खडूंच्या डब्यावर माझाच पाय पडला आणि सगळ्यांचे तुकडे झाले. नवीन आणायला वेळ नव्हता, म्हणून तेच दिले. पाऊण इंचाचा तुकडा मुठीत धरताच येत नाही, मुठीत तो गडप होतो. तिने आधी दोन्ही हात लावून पाहिले, जरा चिडली, आणि मग अंगठा, तर्जनी आणि खाली मधलं बोट असा तुकडा पकडला. कुणी न शिकवता! ही तीन बोटांची पकड साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी बसू लागते, काही मुलांना सहावंही लागतं, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून आमच्याकडे नवे खडू आले की आधी मोडले जातात. सासूबाईंना अजून ते बघवत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. आमचं घर परळच्या जुन्या चाळीत, टेबल ठेवायला जागा नाही. जमिनीवर रंगवताना ती पोटावर लोळायची आणि कोपरावर सगळा भार द्यायची. म्हणून पान कपाटाच्या दारावर चिकटपट्टीने लावलं, तिच्या नाकाच्या उंचीला. कागद उभा असला की मनगट आपोआप मागे झुकतं, बोटं मोकळी होतात आणि दंडालाही काम पडतं. २७ ऑगस्टला गणपती बसले, तोवर मखरामागच्या पडद्यासाठी तिने अकरा जास्वंदी रंगवल्या होत्या. ती फुलं मी जाड मार्करने काढून दिली होती, पुस्तकातली नव्हेत. पुस्तकातल्या गणपतीला इतके दागिने आहेत की साडेतीन वर्षांच्या मुलाने करायचं तरी काय?

दिवाळीत सासूबाई म्हणाल्या, "अगं, कागद-कागद काय करतेस, तिला रांगोळी दे." मी मनात म्हटलं, कॉरिडॉरचा उकिरडा होणार. झालाही. पण चिमटीतून रांगोळी सोडताना अंगठा तर्जनीवर किती सैल करायचा हे बोटांनाच ठरवावं लागतं. जास्त सैल केला तर ढीग पडतो, घट्ट धरला तर काहीच पडत नाही. पहिल्या दिवशी नुसते ढीग पडले. वसुबारसेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, ती चार ठिपके ओळीत टाकायला लागली. सासूबाईंनी दोन बोटांनी ते जोडले आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक अडचण मात्र आहे, दमट हवेत रांगोळीच्या गुठळ्या होतात आणि चिमटीतून सुटत नाहीत. उन्हात ताटात पसरून, चाळून घ्यावी लागते.

आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांचे पट्टे तिने रंगवले आणि बोथट कात्रीने कापले. पट्टे वाकडे आले, तसेच लावले. संक्रांतीचे पतंग तिला कंटाळवाणे वाटले. मोठे सपाट चौकोन, भरतच नाहीत. मी मध्ये रेघा मारून त्यांचे तुकडे केले, तेव्हा कुठे दोन झाले.

पुस्तकाबद्दल बोलायचं तर ते घेऊ नका, किंवा घेतलंत तर फक्त दाखवायला घ्या. कागद इतका पातळ की खडू दाबला की फाटतो, आणि पावसाळ्यात पानं लाटेसारखी झाली. त्यात बर्फातली हरणं आहेत, बैलपोळा नाही. झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर मोठ्या करून घेतलेल्या प्रती कितीतरी टिकल्या. बालवाडीतून घरी आलेल्या एका पानावर मात्र रेषेबाहेर गेलेल्या प्रत्येक जागी लाल गोल होता. त्या आठवड्यात तिने खडूला हात लावला नाही, आणि मला त्याचा राग अजून आहे.

फायदा किती झाला? फ्रॉकची मोठी बटणं ती स्वतः लावते, डब्याचं झाकण उघडते, हात आता मनगटापासून हलतो. यात आठ महिन्यांनी वय वाढल्याचा वाटा किती आणि खडूंचा किती, हे वेगळं काढता येत नाही. आणि दिवसाला दहा मिनिटांच्या वर आम्ही कधीच गेलो नाही. हात दुखला की ती पुन्हा मूठ वळते, म्हणजे आवरायची वेळ झाली.

आता पाडवा जवळ आला आहे. पुस्तकात गुढी नाहीच, म्हणून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढून दिली. साडी तशीच कोरी आहे. काल संध्याकाळी साखरेच्या गाठीची एकेक पदकं रंगवणं चाललं होतं, प्रत्येक वेगळ्या रंगाचं, आणि एक पदक तिने कोरंच ठेवलं. विचारलं तर म्हणाली, "ते मी खाल्लं."